इंग्रजी शिकणाऱ्या प्रौढांसाठी डिजिटल साक्षरतेचा अभ्यासक्रम कसा निवडावा?

संध्यावर्ग:

नमस्कार. इंग्रजी शिकणाऱ्या प्रौढांचा एक सायंकाळचा वर्ग मी गेली ६ वर्षे चालवते आहे. येत्या सत्रापासून आठवड्यातले २ तास डिजिटल साक्षरतेसाठी राखून ठेवायचे असे संस्थेने ठरवले असून अभ्यासक्रम निवडण्याचे काम माझ्यावर सोपवले आहे. ४ आठवड्यांत निर्णय द्यायचा आहे आणि जितके अधिक वाचते आहे तितका गोंधळ वाढतो आहे, म्हणून प्रश्न जरा सविस्तर मांडते.

वर्गात २२ जण आहेत. काहींचे आपापल्या भाषेत पदवीपर्यंत शिक्षण झालेले आहे, तिघांना शाळेचे तोंडही पाहायला मिळालेले नाही आणि उरलेले या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहेत. फोन प्रत्येकाकडे आहे आणि तो ते सराईतपणे वापरतात. आवाजी निरोप पाठवतात, व्हिडिओ कॉल करतात, छायाचित्रे काढून घरच्यांना पाठवतात. संगणक मात्र जेमतेम पाच जणांनी हाताळलेला आहे. इंग्रजीच्या बाबतीत बहुतेक जण सीईएफआर या भाषेच्या पातळ्या मोजणाऱ्या युरोपीय चौकटीतल्या ए१ आणि ए२ या सुरुवातीच्या पायऱ्यांवर आहेत.

गेल्या सत्रात आम्ही एक तयार पाठसंच प्रयोगादाखल घेतला होता. पहिले दोन आठवडे संगणकाच्या भागांची ओळख होती. मॉनिटर, कीबोर्ड, माउस, प्रिंटर ही नावे सर्वांनी चित्रांवरून पाठ केली, आणि वर्ग पुढे सरकतो आहे असे मलाही वाटले. तिसऱ्या आठवड्यात ईमेलचे खाते उघडायचे होते. एक बाई पासवर्ड लिहायच्या चौकटीपाशी थांबल्या. त्यांनी एक अक्षर दाबले, पडद्यावर एक काळा ठिपका उमटला, त्यांनी तो खोडला. पुन्हा दाबले, पुन्हा ठिपका, पुन्हा खोडला. असे चार-पाच वेळा झाल्यावर त्यांनी मला हळू आवाजात विचारले, “माझी अक्षरे कुठे जात आहेत?” पासवर्ड हा शब्द त्यांना ठाऊक होता, त्याचे स्पेलिंगही येत होते आणि त्या अगदी बरोबर टाइप करत होत्या. पासवर्ड लपवण्यासाठी अक्षरांऐवजी ठिपके दिसतात, हे एक वाक्य त्या संपूर्ण पाठसंचात नव्हते. त्या दिवसापासून कोणताही अभ्यासक्रम हाती घेतला की त्या बाई कुठे अडतील हेच मी आधी पाहते.

सध्या माझ्यासमोर युरोपीय आयोगाची डिजकॉम्प ही चौकट आहे, नॉर्थस्टार ही चाचणी आहे, जीसीएफग्लोबल आणि डिजिटललर्न यांचे विनामूल्य पाठ आहेत, आणि शुल्क घेऊन मिळणारे दोन-तीन संचही आहेत. एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की, यांतला एक पूर्ण संच उचलावा आणि तो जसाच्या तसा शिकवावा, कारण आपण जोडतोड केली की सलगता जाते. मला ते पटत नाही, पण पर्यायही सुचत नाही.

गट करायचे तर इंग्रजीच्या पातळीवरून करावेत की यंत्र हाताळण्याच्या पातळीवरून? सुरुवात फोनवर करावी की संगणकावर? शिकवताना मातृभाषेला किती जागा द्यावी? आणि आरंभी चाचणी घ्यावी का? ज्यांनी असा वर्ग प्रत्यक्ष घेतला आहे त्यांनी कृपया अनुभवावरून सांगावे.


मदतकक्ष:

आपण ज्यांची नावे एका दमात घेतली आहेत त्या तीन वेगवेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत, आणि त्यांची एकमेकांशी तुलना होत असल्यामुळेच गोंधळ वाढला आहे. मी ग्रंथालयाच्या मदतकक्षात बसून अनेक वर्षे हेच काम करत आलो आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

डिजकॉम्प ही चौकट आहे. ती प्रथम २०१३ मध्ये आली, २०१७ च्या आवृत्तीत तिला ८ पातळ्या मिळाल्या आणि २०२२ मध्ये २.२ ही आवृत्ती निघाली. माहिती व विदा (डेटा), संवाद व सहकार्य, आशयनिर्मिती, सुरक्षितता आणि अडचणींची सोडवणूक अशा ५ क्षेत्रांत मिळून २१ क्षमता तिच्यात मांडलेल्या आहेत. काय काय शिकवायचे राहून गेले हे तपासायला ती उत्तम आहे, परंतु सोमवारी संध्याकाळी वर्गात काय करायचे हे ती सांगत नाही आणि सांगण्याचा तिचा हेतूही नाही. नॉर्थस्टार हे अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात तयार झालेले मूल्यमापन आहे. त्यात संगणकाची मूलभूत कौशल्ये, इंटरनेट, ईमेल, माहितीची पारख, नोकरीचा शोध अशा विषयांच्या वेगवेगळ्या चाचण्या आहेत. स्वतःपुरती चाचणी कोणालाही विनामूल्य देता येते. प्रमाणपत्र हवे असेल तर मान्यताप्राप्त केंद्रात देखरेखीखाली बसून ८५ टक्के गुण मिळवावे लागतात. सदस्यत्व घेणाऱ्या संस्थांना तिच्या जोडीने पाठही मिळतात. जीसीएफग्लोबल आणि अमेरिकेतल्या सार्वजनिक ग्रंथालयांच्या संघटनेचे डिजिटललर्न हे मात्र सरळ पाठ आहेत. तेव्हा या तिघांतून एक निवडायचे नसून, चौकट पडताळणीसाठी, चाचणी मोजणीसाठी आणि पाठ शिकवण्यासाठी, असे तिघांना तीन ठिकाणी बसवायचे आहे.

खरी निवड पाठांची आहे, आणि तिथे मी एकच कसोटी सर्वांत वर ठेवतो: तो पाठ पुरा करण्यासाठी किती इंग्रजी वाचावे लागते? बहुतेक विनामूल्य पाठ इंग्रजी सहज वाचणाऱ्या पण संगणक नवा असलेल्या माणसासाठी लिहिलेले आहेत. आपल्या विद्यार्थ्याला दोन्ही नवे आहे. आपण एखाद्या पाठाचे एक पान कागदावर काढा आणि काम पुरे होण्यासाठी जे शब्द वाचता आलेच पाहिजेत त्यांच्याखाली रेघ ओढा. फक्त पाठातल्या नव्हे, पडद्यावरच्या बटणांवरच्या शब्दांखालीसुद्धा. ए१ पातळीच्या विद्यार्थ्याला त्यांतले निम्मे शब्द अनोळखी असतील तर तो पाठ, व्हिडिओ कितीही सुरेख असला तरी, आपल्या वर्गासाठी लिहिलेला नाही.

बटणांवरची भाषा ही स्वतंत्रपणे शिकवावी लागते, आणि संगणक शिकवणारे पाठसंच तिच्याकडे जवळजवळ पाहतच नाहीत. साइन इन, साइन अप आणि साइन आउट यांत क्रियापद एकच आहे आणि सगळा अर्थ मागच्या चिमुकल्या शब्दावर तोललेला आहे. लिहून घेणे, लिहून देणे आणि लिहून टाकणे यांतला फरक परभाषकाला जसा चटकन कळत नाही, तशीच ही गत आहे. खाते आधीपासून असलेली माणसे दर वेळी साइन अप दाबून नवे खाते उघडत राहतात, आणि मग एकाच माणसाची तीन खाती होऊन कोणत्या खात्यात कोणते पत्र आले याचा पत्ता लागत नाही, हे मी आठवड्यातून एकदा तरी पाहतो. काम संपले हे सांगायला एके ठिकाणी सबमिट असते, दुसरीकडे सेंड, तिसरीकडे डन, चौथीकडे नेक्स्ट. विंडो, फोल्डर, क्लाउड, होम, कुकी हे शब्द विद्यार्थी घरगुती अर्थाने शिकलेला असतो आणि पडद्यावर ते निराळाच अर्थ घेऊन येतात. जो अभ्यासक्रम हे शब्द इंग्रजीच्या तासाचा विषय मानतो तो निवडावा. तसा एकही नसेल तर आपणच प्रत्येक पाठाआधी पंधरा मिनिटांचा शब्दांचा तास जोडावा.

क्रम कामांवरून लावलेला असावा, सॉफ्टवेअरच्या नावांवरून नव्हे. दवाखान्याची वेळ घेणे, मुलाच्या शाळेकडून आलेला निरोप वाचून उत्तर देणे, नोकरीच्या अर्जाला कागदपत्र जोडणे, ही कामे घेतली की तीच कौशल्ये निरनिराळ्या वेशात परत परत येतात आणि पक्की होतात. एक महिना वर्ड आणि एक महिना एक्सेल अशी मांडणी असली की पहिल्या महिन्यातले तिसऱ्या महिन्यात विसरलेले असते.

फोनविषयी म्हणाल तर, जिथे हात बसलेला आहे तिथून सुरुवात करावी आणि लांबलचक अर्ज, संलग्न कागदपत्रे, टंकलेखन यांसाठी संगणकाकडे वळावे. मी विद्यार्थ्यांना फोनची भाषाही इंग्रजी करून घ्यायला सांगतो. दिवसभर ते शब्द डोळ्यांखालून गेले की वर्गातले निम्मे काम आपोआप होते.

एक लहानशी पण उपयोगी गोष्ट अशी की, संच किती जुना आहे हे पाहायला त्याचे मुखपृष्ठ पाहू नका, आत चार नावे शोधा. वेबपानांवर हलती चित्रे आणि खेळ चालवणारे फ्लॅश २०२० च्या अखेरीस बंद झाले, इंटरनेट एक्सप्लोरर जून २०२२ मध्ये, स्काइप मे २०२५ मध्ये, आणि विंडोज १० चा अधिकृत आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. यांतले जे नाव अजून पाठात सापडेल त्यावरून तो संच शेवटचा कधी हाताळला गेला हे कळते. माउसच्या सरावाची अनेक जुनी पाने फ्लॅशवर बांधलेली होती. ती आज उघडतच नाहीत, आणि वर्गात २२ जणांसमोर ते कळणे फार वाईट.


अक्षरओळख:

आपल्या वर्गातल्या त्या तिघांविषयी लिहिते, कारण अभ्यासक्रम निवडताना त्यांचा विचार बहुधा शेवटी होतो. मी केवळ अशाच विद्यार्थ्यांबरोबर काम करते, ज्यांना कोणत्याच भाषेत लिहितावाचता येत नव्हते.

युरोप परिषदेने २०२२ मध्ये लास्लिअम नावाचा एक संदर्भग्रंथ प्रसिद्ध केला आहे. तो अशा प्रौढ स्थलांतरितांसाठीच आहे आणि त्यात वाचन, लेखन, बोलणे यांच्याबरोबर डिजिटल कौशल्यांच्याही पायऱ्या दिलेल्या आहेत, त्यासुद्धा ए१ च्या खालून सुरू होणाऱ्या. मदतकक्ष यांनी सांगितलेल्या डिजकॉम्पमध्ये यंत्र हाताळता येते हे जवळपास गृहीतच धरलेले आहे. म्हणून युनेस्कोने २०१८ मध्ये जागतिक चौकट तयार करताना आरंभी यंत्र व सॉफ्टवेअर चालवण्याचे शून्य क्रमांकाचे एक क्षेत्र आणि शेवटी व्यवसायाशी निगडित असे एक क्षेत्र जोडले. आपल्या तिघांचा अभ्यासक्रम त्या शून्य क्रमांकातच आहे.

शून्य क्रमांक म्हणजे काय, ते जवळून सांगते. माझ्या वर्गातले एक गृहस्थ माउस सरकवत सरकवत टेबलाच्या कडेपर्यंत आले आणि थांबले. पडद्यावरचा बाण अजून बटणापर्यंत पोहोचला नव्हता. माउस उचलून परत मध्ये ठेवता येतो आणि तेवढ्या वेळात बाण जागचा हलत नाही, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. ते खुर्ची मागे सरकवून टेबल पुढे ओढायच्या बेतात होते. दुसऱ्या एका विद्यार्थिनीला लहान लिपीतली सर्व अक्षरे येत होती, परंतु कीबोर्डवर ती सापडेनात, कारण कळांवर मोठ्या लिपीतली अक्षरे छापलेली असतात. तिने मोठी अक्षरे अजून शिकलेलीच नव्हती. पडद्यावर उमटणारे अक्षर आणि बोटाखालचे अक्षर यांचे रूप वेगळे असते, ही गोष्ट आपल्याला इतकी सवयीची झाली आहे की ती शिकवण्याजोगी आहे हेच आपल्या लक्षात येत नाही. आम्ही कळांवर लहान अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावल्या आणि दोन आठवड्यांनी एकेक करून काढून टाकल्या.

म्हणून संच पाहताना पहिले पान पाहा. ते पान वाचून समजायचे असेल तर या तिघांसाठी तो संच सुरू होण्याआधीच संपला. चित्र, आवाज आणि करून दाखवणे यांवर चालणारे किमान सहा-सात तास आपल्याला स्वतः तयार करावे लागतील, ही तयारी ठेवा. आणि दहा बोटांनी वेगाने टाइप करायला लावणारे सराव त्यांना इतक्यात देऊ नका; ज्या शब्दाचे स्पेलिंग येत नाही तो वेगाने टाइप करण्याचा सराव म्हणजे नुसती बोटांची कसरत होते.


दुहेरी_भाषा:

मदतकक्ष यांच्या बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे, परंतु फोनची भाषा इंग्रजी करून घ्यायला सांगणे मला धोक्याचे वाटते, आणि मातृभाषेचा प्रश्न त्यांनी जवळजवळ सोडूनच दिला आहे.

माझ्या एका विद्यार्थ्याला बँकेचे नाव सांगणारा फोन आला. त्याच वेळी त्याच्या फोनवर सहा आकडी कोड आला आणि पलीकडच्या माणसाने तो वाचून दाखवायला सांगितला. त्याने वाचून दाखवला. हा कोड कोणालाही सांगू नका, असे त्याच निरोपात इंग्रजीत लिहिलेले होते. नकारार्थी आज्ञा त्याने तीन आठवड्यांपूर्वी वर्गात शिकलेल्या होत्या आणि सरावपत्रिकेत सगळ्या बरोबर सोडवल्या होत्या. पण कानाशी घाईत बोलणारा माणूस असताना परक्या भाषेतले एक वाक्य वाचून, समजून, त्यावर विश्वास ठेवून फोन बंद करणे ही निराळीच गोष्ट आहे. त्याचे पैसे गेले, आणि त्यानंतर दोन महिने तो वर्गाला आला नाही.

तेव्हापासून मी सुरक्षिततेचा भाग मातृभाषेतून आणि पहिल्या आठवड्यात घेतो. बहुतेक संचांत तो शेवटच्या प्रकरणात असतो, म्हणजे विद्यार्थ्यांनी खाती उघडून, माहिती देऊन, पैशांचे व्यवहार सुरू करून झाल्यावर. जो अभ्यासक्रम हे प्रकरण पुढे आणू देत नाही तो मी घेणार नाही. सात भाषांचे विद्यार्थी असतील तर शिक्षकाला त्या सर्व भाषा येणे शक्य नाही, हे मान्य आहे. पण प्रत्येक भाषेतल्या एका पुढे गेलेल्या विद्यार्थ्याला हाताशी घेऊन चार वाक्ये नीट भाषांतरित करून घेणे शक्य आहे. यंत्राने केलेले भाषांतर या चार वाक्यांसाठी वापरलेच तर ते त्या भाषेच्या माणसाकडून तपासून घ्यावे, कारण इथे एखादा नकार गळून पडला तर सगळा अर्थ उलटतो.

बटणांवरचे शब्द इंग्रजीतूनच शिकवावेत, याबद्दल वाद नाही. परंतु ज्या फोनवर माणसाचे पैसे, कागदपत्रे आणि घरच्यांशी बोलणे आहे, तो त्याला पूर्ण कळणाऱ्या भाषेतच राहू द्यावा. सरावासाठी वर्गातले यंत्र इंग्रजीत ठेवता येते.


संध्यावर्ग:

आपणा तिघांचे मनापासून आभार. गेल्या आठवड्यात मी एक लहान प्रयोग केला, तो सांगते आणि दोन गोष्टी विचारते.

वर्गातले चार जण निवडले: एक पदवीधर, एक फोनवर अतिशय तरबेज तरुण, गेल्या सत्रातल्या त्या ठिपक्यांवाल्या बाई, आणि शाळेत न गेलेल्यांपैकी एक गृहस्थ. दोन वेगवेगळ्या संचांतला एकाच कामाचा पाठ त्यांना दिला. एका कागदाचे छायाचित्र घेऊन ते ईमेलला जोडून पाठवायचे होते. मी शेजारी बसले, मदत केली नाही, आणि ते कुठे थांबतात एवढेच लिहून घेतले. तरुणाने छायाचित्र क्षणात काढले, परंतु ते संगणकावर आल्यावर कोणत्या फोल्डरमध्ये गेले हे त्याला सापडेना. फोनवर त्याला फोल्डर कधी शोधावाच लागला नव्हता. पदवीधर बाईंनी सूचना वाचल्या, अटॅच हा शब्द पूर्ण पान शोधला, आणि पडद्यावर तो शब्द नव्हताच, कागदाच्या टाचणीचे चित्र होते. ठिपक्यांवाल्या बाईंनी पत्ता बरोबर लिहिला, पण त्याच्या मध्ये एक मोकळी जागा सोडली, आणि चूक दाखवणारा लाल मजकूर आला तेव्हा त्यांनी सगळेच पुसून टाकले. ते गृहस्थ आपला कागद सरळ धरून छायाचित्र काढण्यापाशीच अर्धा तास होते, आणि ते त्यांना शेवटी उत्तम जमले.

दोन संचांपैकी ज्याचे व्हिडिओ सुरेख होते त्याने चौघांनाही फारशी मदत केली नाही. दुसरा संच दिसायला रूक्ष आहे, पण त्यात एका पायरीला एक वाक्य आणि शेजारी पडद्याचे चित्र आहे, आणि चौघेही त्या चित्रावर बोट ठेवून मग पडद्याकडे पाहत होते. मी त्याच्याकडे झुकले आहे. त्यात आमच्या विद्यार्थ्यांसाठी शब्द सोपे करायचे, पायऱ्या वाढवायच्या आणि सुरक्षिततेचे प्रकरण पुढे आणायचे, तर तसे करण्याची मुभा असते का? आणि चाचणीविषयी अजून मन ठरत नाही. इंग्रजीतून चाचणी घेतली तर चौघांपैकी तिघे नापास होतील, पण ते कशात नापास झाले हे मला कळणार नाही.


मदतकक्ष:

दुहेरी_भाषा यांचे म्हणणे योग्य आहे. फोनची भाषा बदलायला सांगण्याचा सल्ला मी मागे घेतो. मी तो मदतकक्षातल्या सोयीने दिला होता, माणसाच्या फोनवर काय काय असते याचा विचार करून नव्हे.

आपण केलेला प्रयोग हीच निवडीची सर्वांत भरवशाची पद्धत आहे, आणि तो शुल्क भरण्याआधी प्रत्येक संचाबाबत करावा. विकणारे नमुन्याचे पाठ द्यायला तयार नसतील तर तो संच बाजूला ठेवावा.

मुभेविषयी परवान्याची ओळ वाचा. ती बहुधा पहिल्या पानाच्या तळाशी असते. क्रिएटिव्ह कॉमन्सचे, म्हणजे आपले साहित्य इतरांना ठरावीक अटींवर वापरू देणारे, परवाने एकसारखे नसतात. केवळ श्रेय देण्याची अट असेल तर बदल करून इतरांनाही देता येतो. त्यात एनडी ही अक्षरे असतील तर बदललेली आवृत्ती वाटता येत नाही, आणि एनसी असेल तर ती व्यावसायिक कामासाठी वापरता येत नाही. भाषेच्या वर्गाला बदल करण्याची मुभा पाठांच्या दर्जाइतकीच महत्त्वाची आहे, म्हणून दोन संच सारखेच वाटले तर मोकळ्या परवान्याचा घ्यावा. शुल्काचा संच बदलता येत नसला तरी त्याच्या शेजारी ठेवायचे शब्दांचे पान आपले स्वतःचे असू शकते, आणि प्रकरणांचा क्रम वर्गात बदलायला बहुधा कोणाची हरकत नसते. खात्रीसाठी करारात पाहून घ्यावे.

आता चाचणी. गुण एकच आला की त्यात इंग्रजी किती आणि यंत्र किती हे वेगळे करता येत नाही, ही आपली शंका अगदी बरोबर आहे. त्यावर माझा उपाय साधा आहे. तेच काम विद्यार्थ्याला आधी पडद्याची भाषा त्याच्या मातृभाषेत ठेवून करू द्यावे, आणि काही दिवसांनी इंग्रजीत ठेवून. मातृभाषेत जमले आणि इंग्रजीत अडले तर त्याला बटणांचे शब्द हवे आहेत. दोन्हीकडे एकाच जागी अडले तर हात आणि यंत्र यांचा सराव हवा आहे. आपल्या तरुणाला फोल्डर कोणत्याही भाषेत सापडला नसता, आणि पदवीधर बाईंना टाचणीचे चित्र एकदा दाखवले की पुरे. गट इंग्रजीवरून करावेत की यंत्रावरून, या आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तरही इथेच मिळते: डिजिटलच्या दोन तासांपुरते गट या अडण्याच्या जागांवरून करावेत, मग एकाच गटात ए१ आणि ए२ चे विद्यार्थी आले तरी बिघडत नाही. ज्यांना कोणत्याच भाषेत वाचता येत नाही त्यांच्यासाठी हा उपाय लागू नाही. तिथे अक्षरओळख यांनी सांगितलेल्या पायऱ्या वापराव्यात. नॉर्थस्टारसारखी चाचणी सत्राच्या शेवटी, ज्यांना नोकरीसाठी प्रमाणपत्राचा उपयोग आहे त्यांनाच द्यावी, आणि तीही त्यांनी सरावाच्या चाचणीत ८५ टक्क्यांच्या पुढे गेल्यावर.

संस्थेला प्रगती कागदावर दाखवावी लागत असेल तर सीईएफआरच्या पूरक खंडाचा आधार घ्या. मूळ सीईएफआर २००१ चा आहे, पण २०२० मध्ये पूर्ण झालेल्या या खंडात ऑनलाइन संभाषण आणि ऑनलाइन व्यवहार यांच्या स्वतंत्र पायऱ्या आहेत, त्यामुळे ईमेल लिहिणे आणि अर्ज भरणे ही भाषेचीच प्रगती म्हणून नोंदवता येते.

आणि त्या ठिपक्यांवाल्या बाईंसाठी एक सुचवतो. पासवर्डच्या चौकटीच्या उजव्या टोकाला बऱ्याच ठिकाणी डोळ्याचे एक लहान चिन्ह असते. ते दाबले की ठिपक्यांच्या जागी अक्षरे दिसतात. नव्या सत्राच्या पहिल्या तासाला सरावाचा एक खोटा पासवर्ड घेऊन ते चिन्ह बाकीच्या एकवीस जणांना त्यांनाच दाखवू द्या.